सतरावा महिना

सुरतेत खोली बघायला मी पहिल्यांदा डिंडोलीला गेले, तेव्हा घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या सँडलकडे पाहिलं. मी नाव सांगितलं, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये केमिस्ट आहे हे सांगितलं, एकटीच राहणार हेही सांगून टाकलं, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथंच अडायची. त्यांची नजर खालीच. शेवटी म्हणाले, "उजवी टाच आतून घासली आहे. तुम्हाला भाऊ नाही."

मला दोन भाऊ आहेत. मी तसं सांगितलं.

"मग ते उपयोगाचे नसतील," ते म्हणाले आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी संबंध नव्हता. कापड रंगून, छापून, वाळून आलं की ते तपासून त्याच्या घड्या घालणारं एक खातं असतं, त्याच्या मुख्याला फोल्डिंग मास्तर म्हणतात. नोकरी संपली, खातं मागे राहिलं आणि 'मास्तर' तेवढे घरी आले. खरं नाव फक्त लाइटबिलावर होतं, तेही चुकीचं छापलेलं, त्यामुळे मीही ते सांगत बसत नाही.

आपल्याकडे माणसं घरात येतात आणि पायताणं बाहेर राहतात. मास्तरांच्या घरी हा नियम अर्धाच चाले. पायरीवर आमच्या चपला उन्हात तापत पडलेल्या आणि आत, बाकीच्या घरांत जिथं लग्नात आलेला डिनर सेट मांडलेला असतो त्या काचेच्या कपाटात, जोडे. तपकिरी, काळे, जांभळट लाल. सगळे अमेरिकन, सगळे जुने आणि सगळे एकाच जातकुळीचे: ज्याला लोफर म्हणतात तो बिननाडीचा, पाय सरकवून घालायचा जोडा. वर आडवी चामड्याची पट्टी आणि पट्टीच्या मधोमध एक चीर. त्या चिरेत म्हणे तिकडची कॉलेजातली पोरं हौसेनं तांब्याचं एक नाणं खोचून ठेवत. मास्तरांनी हे कुठूनतरी ऐकलं आणि ते अस्वस्थ झाले. आलेल्या पाहुण्याला रिकामं कसं ठेवायचं? त्यांनी चलनातून गेलेली पाच-दहा पैशांची अॅल्युमिनियमची नाणी जमवली आणि प्रत्येक जोड्याला एकेक खोचून दिलं.

"जोडास्नी ओटी भरतस," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. धरणगावाकडच्या, चाळीस वर्षं सुरतेत राहूनही घरात अहिराणी सोडून दुसरं बोलत नव्हत्या. मी साताऱ्याकडची. पहिले काही आठवडे त्या रागावल्या आहेत की जेवायला बोलावताहेत हे मला कळायचं नाही. पुढे कळलं की बहुधा दोन्ही एकदमच असायचं. "आमना घरमा माणूस पायरीवर अन् जोडा पाटवर," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आणि लगेच चहा टाकायला जात.

लोफरच का, हे मी मास्तरांना किती वेळा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, चामड्याला वास असतो, कापडाला नसतो, जन्मभर बिनवासाचं काम केलं. एकदा म्हणाले, तुम्ही डाक तिकिटं जमवणाऱ्याला का म्हणून विचारता का? पण एका दुपारी, चांगल्या लहरीत असताना, पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ताई, ह्याला नाडी नाही. बांधून ठेवावं लागत नाही, तरी पायातून निघत नाही. माणसात असा एखादाच सापडतो." मला तेव्हा वाटलं ते काकूंबद्दल बोलताहेत.

हे जोडे सुरतेत कसे येत, ते सांगायला हवं. तिकडच्या लोकांनी टाकून दिलेले कपडे गाठी बांधून कांडला बंदरात उतरतात. त्या गाठींतून कोट येतात, स्वेटर येतात आणि कधीमधी जोडे. तिथून फुटत फुटत माल गुजरीत पोचतो. गुजरी म्हणजे जुन्या वस्तूंचा आठवडी बाजार. मास्तर तिथं देवाला जावं तसे नेमानं जात. काकूंचा मुख्य आक्षेप यावरच होता. "मरेल माणसंस्ना जोडा शेतस त्या," त्या म्हणायच्या. म्हातारा गेला, पोरांनी कपाट रिकामं केलं, तेच हे, असा त्यांचा हिशोब. मास्तर तो नाकारत नसत. "आपणही तेराव्याला जोडा देतो की," ते म्हणत. "मेलेल्याला वाटेत चटके बसू नयेत म्हणून. आपलं दान भटजीपर्यंत पोचतं, त्यांचं कांडल्यापर्यंत. बाकी फरक काय?" यावर काकू भांडी जोरात लावत.

नवा जोडा आला की त्याचं वय काढायचं, हा मास्तरांचा खरा छंद. गोळा करणं हे निमित्त. जोडा वर्तमानपत्रावर उपडा ठेवून ते आधी तळ बघत. त्यांचं म्हणणं, वरची बाजू जोडा जगाला दाखवतो, तळ नाइलाजानं दाखवतो. टाच चामड्याची की रबराची, तिच्यात खिळे कुठल्या धातूचे, पुढच्या गोल कडेची शिवण हातची की मशिनीची, सगळं पाहून झालं की आतल्या तळावरचा सोनेरी छाप भिंगातून वाचायचा. त्यात कंपनीचा पत्ता असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर जोडा अलीकडचा, नसेल तर वडीलधारा. पुढे पुढे जोडा अमेरिकेचा, पण शिवणारे हात दुसऱ्याच गरीब देशाचे असं व्हायला लागलं, तेही ते शिवणीवरून ओळखत. एकदा त्यांना असा जोडा मिळाला ज्यावर 'मेड इन इंडिया' होतं. इथून शिवून तिकडे गेला, तिकडच्या पायांत झिजला आणि गाठीत बांधून परत आला. त्याचं वय मास्तरांनी काढलं नाही. त्याला तेल लावलं आणि म्हणाले, "सासरहून आली आहे. तिला वय काय विचारायचं?"

शेजारचे लोक 'मेड इन यूएसए' वाचून 'म्हणजे उल्हासनगर ना, मास्तर?' असं हटकून विचारत. हा विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की तो सुरू व्हायच्या आधीच ते हसून मोकळे होत. पण वयावर कोणी शंका घेतली, तर मात्र त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ते उठून उभे राहत आणि म्हणत, "चुकलो तर तुमचा जोडा आणि माझं डोकं."

काही थोड्या जोड्यांत, अस्तराच्या आत, बारीक शाईत आकडे असत. माप, रुंदीचं अक्षर, कारखान्याचा कसलातरी नंबर आणि नशीब असेल तर चक्क तारीख. असा जोडा मिळाला की मास्तर तो घरी आणताना रिक्षा करत, एरवी बसनं येत. तारीखवाल्या जोड्यांचे वाढदिवस व्हायचे. म्हणजे त्या दिवशी तो जोडा कपाटातून खाली यायचा, त्याला तेलपाणी व्हायचं आणि काकू कपाळाला हात लावून शिरा करायच्या. मी वरून खाली आले की मास्तर म्हणत, "बसा ताई, आज ह्याचा चार जुलै." मी शिरा खायचे. जोड्याला दीर्घायुष्य चिंतायला माझं काय जात होतं?

मोबाइलवर शोधून बघा, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, "मोबाइलवर सगळ्यांना सगळं माहीत असतं. म्हणून तर कोणाला काही कळत नाही." विषय संपला.

एका श्रावणात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं. सुरतेला हे नवं नाही. पाणी पायरीला लागलं तशी मास्तरांनी हालचाल सुरू केली. फ्रिज नाही, टीव्ही नाही, गादी नाही. आधी जोडे. एकेक जोडी छातीशी धरून ते माझ्या खोलीत आणून ठेवू लागले. माझ्या पलंगावर, गॅसच्या ओट्यावर, खिडकीत, पुस्तकांवर, जिथं तिथं अमेरिका. खालून काकूंचा आवाज आला, "माले बी वर ली जा. मना तळपाय बी चामडानाच शे." मास्तर जिन्यात थांबले, क्षणभर विचारात पडले आणि मग खाली जाऊन खरंच त्यांना हात धरून वर घेऊन आले. मात्र दुसऱ्या हातात एक जोडी होतीच.

त्या दिवशी ती जोडी मी पहिल्यांदा पाहिली. बाकी सगळे जोडे उघडे होते, हा एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. तो त्यांनी कपाटातून नाही, धान्याच्या कोठीमागून काढून आणला होता. मी अभ्रा उघडायला गेले तर म्हणाले, "त्याला राहू द्या. तो नकली आहे."

"नकली आहे तर वाचवला कशाला?"

"पुरावा आहे," मास्तर म्हणाले आणि खिडकीतून पाण्याकडे बघत बसले.

काकू माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. पाणी ओसरेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी मला ती हकीकत सांगितली, मास्तर समोर असताना, जणू ते तिथं नाहीतच.

भिलाभाऊ म्हणून मास्तरांचा एक मित्र होता. दोघं एकाच वर्षी खानदेशातून आले, एकाच मिलमध्ये लागले, एकाच खोलीत आठ जणांत झोपले. आठांत हे दोघंच असे की एक पगाराला घरी गेला की दुसऱ्याला जेवण गोड लागायचं नाही. मिल बंद झाली तेव्हा मास्तर दुसऱ्या प्रोसेसमध्ये गेले आणि भिलाभाऊंनी गुजरीत ताडपत्री अंथरली. जुने कपडे, जुने बूट. मास्तरांचा पहिला लोफर भिलाभाऊंनीच थट्टेत दिलेला: 'घे, तू पण साहेब हो.' साहेब होता आलं नाही, कारण तो त्यांच्या पायात शिरेना. आणि इथूनच खरी गंमत सुरू झाली. कपाटातला एकही जोडा मास्तरांच्या पायात जात नव्हता. अमेरिकन पाय लांब आणि निमुळता. मास्तरांचा पाय, लहानपणी ढेकळांतून अनवाणी फिरलेला, पुढं सुपासारखा पसरट. एवढे जोडे घरात आणि मास्तर जन्मभर रबरी चपलेत. भिलाभाऊ दर आठवड्याला म्हणायचे, तुझ्या मापाचा जोडा जगात असेल तर तो माझ्याच गाठीतून निघेल.

आणि एक दिवस निघाला. चांगला रुंद, जांभळट लाल, हाताच्या शिवणीचा. भिलाभाऊंनी तो विकायला मांडला नाही. घासून पुसून पिशवीत ठेवला आणि मास्तर आले तसा त्यांच्यासमोर धरला. काकू सांगत होत्या, दुसरा कोणी असता तर आधी पायात घातला असता. ह्यांनी आधी भिंग काढलं. आत तारीख होती. ती वाचली आणि भर गुजरीत म्हणाले, हा जोडा नकली आहे. भिलाभाऊंना वाटलं थट्टा करतोय. मास्तर म्हणाले, मी पुराव्यानिशी सांगतो, हा इथंच कुठंतरी बनवलाय आणि बनवणाऱ्याला धड छापता पण आलं नाही. तू मला दोन नंबरी माल देतोस. भिलाभाऊ म्हणाले, मी? तुला? मास्तर म्हणाले, हो. चुकलो तर तुझा जोडा आणि माझं डोकं.

 भिलाभाऊंनी ताडपत्रीची चार टोकं उचलली, गाठ बांधली आणि निघून गेले. त्या जागेवर ते परत बसले नाहीत. जोडा मास्तरांच्या हातातच राहिला.

"अन् तवयपासून बोलणं बंद," काकू म्हणाल्या. मास्तर खिडकीतून वळलेच नाहीत. पण त्यांच्या कानाची पाळ लाल झाली होती, ती मला दिसली.

त्यानंतर मला मास्तरांच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागायला लागला. गुजरीहून येताना ते वाटेत एका रिकाम्या जागेपाशी थांबतात, असं गल्लीतला एक जण म्हणाला होता. ती जागा कोणाची, ते आता कळलं. गप्पांत कोणी मैत्रीचा विषय काढला की ते कपाट पुसायला उठत. दोघांच्या बायका मात्र लग्नाकार्यात भेटत, एका ताटात जेवत आणि घरी येऊन नवऱ्यांना सांगत नसत. भिलाभाऊ आता मुलाकडे, कोसाडच्या वसाहतीत राहत होते, ही बातमीही काकूंनीच आणलेली.

एका संध्याकाळी काकूंनी दुसरी बातमी आणली. भिलाभाऊंना लकवा मारला, उजवी बाजू गेली. मास्तर जेवत होते. ताटावरून उठले, खुंटीवरचा शर्ट घातला, दारापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. मग शर्ट काढून परत खुंटीला लावला आणि ताटावर येऊन बसले. जेवले मात्र नाहीत. काकू म्हणाल्या, जाईसन या ना. ते म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ? मी खरं बोललो होतो. खरं बोलणाऱ्यानं माफी मागायची का?"

मला त्या दिवशी त्यांचा राग आला. माणूस अंथरुणाला खिळलाय आणि हे कसला हिशोब करताहेत. पण ताट उचलताना मी त्यांचा चेहरा बघितला. खरं बोलल्याचा आनंद माणसाच्या चेहऱ्यावर असा दिसत नाही.

आणि मग त्या गुडघ्याच्या गोळ्या आल्या.

शेजारच्यांचा जावई अमेरिकेत. तो आला की सगळ्या गल्लीला चॉकलेट आणि म्हाताऱ्यांना व्हिटॅमिन. काकूंना त्यानं गुडघ्यांसाठी एक मोठी डबी दिली. रविवारची सकाळ, मी खाली चहाला गेलेली. मास्तर बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. काकू चौथी शिकलेल्या, पण औषधाची तारीख बघितल्याशिवाय गोळी तोंडात घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. चष्मा लावून डबीच्या बुडाशी छापलेलं वाचायला लागल्या आणि अडल्या.

"हाऊ तिसावा महिना कोठला शे, माय?" त्यांनी मला विचारलं.

मी डबी घेऊन बघितली. अकरा, तीस आणि पुढं साल. "तिसावा महिना नाही, काकू. तीस नोव्हेंबर. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग तारीख."

बोलले आणि बिस्किट बुडवलं. बिस्किट चहात पडलं, मी ते चमच्यानं काढायला लागले. ते निघालं तेव्हा वर बघितलं. मास्तरांची बशी ओठांपाशी थांबलेली.

"सगळ्या अमेरिकेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"असावं. का हो?"

त्यांनी बशी खाली ठेवली. आत गेले. कोठी सरकवल्याचा आवाज आला. अभ्र्यात गुंडाळलेला तो जोडा आणून त्यांनी माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवला, तसा, उपडा. मग सरळ केला. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा."

अस्तराच्या आत निळसर आकडे होते. "पाच. सतरा," मी वाचलं. सालाचे आकडे पुसट झाले होते.

तेव्हा मला कळलं. मास्तरांचा पुरावा हा होता. पाच तारीख, सतरावा महिना. महिने बाराच असतात हे जगातल्या लहान पोरालाही माहीत असतं, म्हणजे ज्याला ते माहीत नाही अशा कोणीतरी चोरानं हा छाप मारला असणार. इतकं साधं. बाकीच्या तारखा नेमक्या अशा होत्या की आपल्या पद्धतीनं वाचल्या तरी कुठं अडत नव्हतं. चार-सात, नऊ-तीन. हा एकच जोडा असा होता जो खरं सांगायचा प्रयत्न करत होता, आणि त्यालाच कोठीमागं टाकलेलं.

"सतरा मे," मी हळूच म्हटलं.

मास्तरांनी जोडा हातात घेतला. पट्टी वाकवून पाहिली, टाच दाबून पाहिली. सुरतेच्या दमट हवेत चामडं चार पावसाळे नुसतं ठेवलं तर त्याला बुरशी धरते, ते तडकतं. हे मऊ होतं, लोण्यासारखं. मास्तरांनी ते नाकाशी नेलं आणि काकूंकडे पाहिलं. "ह्याला तेल कोणी लावलं?"

काकू तांदूळ निवडायला लागल्या होत्या. "माले काय मालूम," त्या म्हणाल्या.

"खोबरेल आहे."

"मंग ऱ्हाई. भिलाभाऊना हातना जोडा शे. कसा वाळू देवा?"

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आवाज नव्हता, फक्त जोडा मांडीवर आणि त्यावर दोन्ही हात. थोड्या वेळानं काकूच म्हणाल्या, "आते समदास्ना वाढदिवस बदलणा पडतीन. शिरा काय मी परत करावं नही." मग उठून त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून मास्तरांसमोर धरला.

कोसाड म्हणजे शहराचं दुसरं टोक. रिक्षात आम्ही तिघं. मास्तर मध्ये, मांडीवर अभ्रा. वाटेत तापीचा पूल लागला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ताई, तो बोलू शकतो ना?" काकूंनी उत्तर दिलं, हळू बोलतो पण बोलतो.  आपण जे चुकलो ते ऐकून त्याला उलट काही बोलता येईल का, एवढीच त्यांना भीती होती, असं मला वाटलं.

भिलाभाऊंची खोली तळमजल्यावर. दारात सुनेनं काकूंना ओळखलं, मास्तरांना नाही. आम्ही चपला बाहेर काढल्या. आत खाटेवर उशांना टेकून एक मोठ्या हाडाचा माणूस बसलेला, चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली. त्यानं मास्तरांकडे पाहिलं.  मास्तर दारातच उभे.

"कसाले उना?" भिलाभाऊ म्हणाले. शब्द जड होते, पण कशाला आलास हे विचारणं स्पष्ट होतं.

मास्तर पुढं झाले. खाटेपाशी जमिनीवर बसले, अभ्रा सोडला आणि जोडा भिलाभाऊंच्या मांडीवर ठेवला. "सतरावा महिना नव्हता रे," ते म्हणाले. "सतरा तारीख होती. गोरे महिना आधी लिहितात. मला माहीत नव्हतं. तू खरा, तुझा माल खरा." एवढं मराठीत बोलले आणि मग त्यांचा धीर सुटला असावा, कारण पुढचं आपसूक घरच्या बोलीत आलं. "तुना जोडा, मनं डोकं." आणि त्यांनी खरोखर मान खाली घातली.

सून पदर तोंडाला लावून उभी. काकूंनी माझं मनगट धरलं, त्यांची नखं रुतली. भिलाभाऊंनी डाव्या हातानं एक जोडा उचलला. तो वळवून तळ पाहिला, टाच पाहिली, गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी बघत असतील तसा. मग हात वर केला. सुनेनं "बाबा" म्हटलं. भिलाभाऊंनी तो जोडा हळूच खाली आणला आणि मास्तरांच्या टकलावर टोपीसारखा बसवला. जरा इकडे, जरा तिकडे सरकवला. मागं टेकून, डोळे बारीक करून बघितलं.

"माप बरोबर शे," ते म्हणाले.

मग ते हसले, चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती तिनं. मास्तर डोक्यावर जोडा तसाच ठेवून हसत होते आणि रडत होते, आणि काकू म्हणत होत्या की दोघंही पहिल्यापासून येडेच. सुनेनं चहा टाकला. जोड्याच्या चिरेत नाणं नव्हतं. नकली म्हणून मास्तरांनी ते कधी खोचलंच नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले, पण जुनं नाणं जवळ नव्हतं. भिलाभाऊंनी उशीखाली हात घातला आणि मिलच्या दिवसांतलं, कँटीनच्या चहाचं पितळी टोकन काढून दिलं. दोघांनी एका टोकनात एक चहा अर्धा अर्धा प्यायलेला, त्यातलंच ते उरलेलं. ते चिरेत नीट बसलं.

"आते पायमा घाल," भिलाभाऊ म्हणाले.

मास्तरांनी घातला. पाय त्या जोड्यात सरकला तेव्हा हलकासा आवाज झाला आणि मास्तरांनी श्वास सोडला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते चालून आले, नवरामुलगा दाखवायला आणल्यासारखे. भिलाभाऊ खाटेवरून नुसते पायांकडे बघत होते.

निघताना मास्तर जोडा घालूनच बाहेर पडले आणि सरळ रिक्षात जाऊन बसले. त्यांच्या रबरी चपला पायरीवर राहिल्या होत्या. मी त्या उचलायला वळले, तर ते रिक्षातून म्हणाले, "राहू द्या ताई. आणायला परत यावं लागेल ना."

पुढं माझी बदली झाली आणि मी सुरत सोडली. निघाले तो रविवार होता. मास्तर आवरून, जांभळट जोडा घालून, कोसाडला चपला आणायला निघाले होते. दर रविवारी ते जात आणि दर रविवारी विसरून येत.